बीएमडब्ल्यू १३०आय: वॉटर पंप बदलूनही गाडी पुन्हा तापते, तेव्हा काय तपासायचं

ही नोंद ई८७ (पाच दारी) आणि ई८१ (तीन दारी) बॉडीतल्या, बीएमडब्ल्यू १ सीरिजच्या १३०आय साठी आहे. २००५ मध्ये आलेली, मागच्या चाकांना ताकद देणारी, लहान हॅचबॅकच्या बॉनेटखाली तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं एन५२ इंजिन असलेली गाडी. २६५ पीएस, ३१५ न्यूटन-मीटर, मॅन्युअलमध्ये ० ते १०० सुमारे ६.१ सेकंदांत. टर्बो नाही, लाल पट्ट्यापर्यंत मोकळं फिरणारं इंजिन. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलियात ही गाडी आता वापरलेल्या बाजारात आवाक्यात आली आहे आणि तिथले बरेच मराठी लोक ती घेतात. घेतल्यावर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांना भेटणारा खर्च म्हणजे इलेक्ट्रिक वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव (कूलंट) फिरवणारा विजेवरचा पंप.

पंप जातो, बदलला जातो, आणि काही दिवसांनी इंजिन तापल्याचा तोच इशारा पुन्हा येतो. मग गॅरेजवाला दुसरा पंप बसवतो. बऱ्याचदा दुसऱ्या पंपाचीही गरज नसते. एन५२ मध्ये पंप हा एकटा भाग नाही. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप), बॅटरी, पंखा, डीएमई (इंजिन चालवणारा संगणक) आणि एक बारीक सिग्नलची तार यांच्या साखळीतला तो एक दुवा आहे. फक्त पंप बदलणं म्हणजे निम्मं काम.

आधी यंत्रणा समजून घ्या

या इंजिनात वॉटर पंपाला बेल्ट नाही. २०० वॅटची विजेची मोटर आहे आणि ती किती वेगाने फिरवायची हे डीएमई ठरवतो. थर्मोस्टॅटही निव्वळ मेणाचा नाही, आत तापवणारी कॉइल आहे. त्यामुळे इंजिन किती गरम ठेवायचं हे गाडी स्वतः निवडते: निवांत चालवताना सुमारे ११२ अंश, साधारण वापरात १०५, जोरात चालवताना ९५, आणि पूर्ण भार असताना थर्मोस्टॅट उघडून ८० पर्यंत.

हे आकडे लक्षात असू द्या. ओबीडीचा (गाडीच्या संगणकाचे आकडे वाचायच्या सॉकेटचा) स्वस्त ब्लूटूथ डोंगल लावून पहिल्यांदा १०८ किंवा ११० दिसलं की लोक घाबरून गाडी बाजूला घेतात. एन५२ साठी ते नेहमीचं तापमान आहे. काळजी करायची ती ११५ च्या पुढे आकडा चढतच राहिला आणि पाय हलका करूनही खाली आला नाही तर.

डॅशबोर्डवर कूलंटच्या तापमानाचा काटा नाही, ही या गाडीची खरी अडचण. पहिला इशारा पिवळा दिवा. त्या वेळी पाय हलका करा, एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा. लाल दिवा लागला तर पुढच्या फाट्यापर्यंतसुद्धा जायचं नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. एन५२ चा ब्लॉक मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा जोडब्लॉक आहे. तो एकदा खऱ्या अर्थाने तापला तर हेड वाकणं, हेड बोल्टचे आटे सुटणं इथपर्यंत मजल जाते, आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या बरोबरीला येतो.

इंजिन बंद केल्यावर पंखा किंवा पंप थोडा वेळ गुणगुणत राहिला तर तो बिघाड नाही. गरम इंजिन थंड करायला तो तसा चालू ठेवला जातो.

पंप खरंच मेला आहे का?

रस्त्याच्या कडेला करता येणारी एक खात्रीची खूण आहे. इंजिन तापलंय, हीटर पूर्ण गरमवर आहे आणि व्हेंटमधून गार हवा येते आहे, म्हणजे कूलंट फिरत नाही. एक तर पंप थांबला आहे किंवा आत हवा अडकली आहे. याउलट हीटरमधून कडकडीत गरम हवा येते आणि तरी इंजिन तापतं, तर पंप बहुधा चालू आहे. मग संशय थर्मोस्टॅट, पंखा किंवा बुजलेला रेडिएटर यांच्यावर घ्या. पंपाचा फॉल्ट नोंदवला गेला की डीएमई सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगाने चालवतो. थंड सकाळी गाडी सुरू करताच पंखा जोरात फिरायला लागला तर स्कॅनर लावल्याशिवाय निघू नका.

बीएमडब्ल्यूचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. साधा ओबीडी डोंगल यातलं बरंचसं दाखवत नाही.

२ई८१ म्हणजे पंपाचा प्रत्यक्ष वेग आणि मागितलेला वेग जुळत नाही. २ई८२ म्हणजे पंप बंद पडला. २ई८३ म्हणजे पंपाने आपली ताकद कमी केली. २ई८४ आणि २ई८५ हे संपर्काचे कोड आहेत: डीएमईला पंपाकडून उत्तर येत नाही. २ईएफ४ आणि २ईएफ५ थर्मोस्टॅटचे, २ईएफई पंख्याचा. कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. प्रत्येक कोडसोबत नोंदलेलं किलोमीटर आणि त्या वेळचं तापमानही वाचा, कारण कोणता कोड आधी आला यावर पुढचा तपास ठरतो.

पंप बहुतेकदा गळून जात नाही, आतलं इलेक्ट्रॉनिक्स जातं. म्हणूनच खाली एक थेंब नसताना, कूलंट पूर्ण भरलेलं असताना गाडी अचानक तापते. आणि तासभर थांबून पुन्हा सुरू केली की काही झालंच नाही अशी चालते. या थंड झाल्यावर ठीक वाटणाऱ्या अवस्थेत लोक अजून दोन आठवडे काढतात. तसं करू नका. अशा तापण्यासोबत एकदा २ई८२ आला की पंपाचे दिवस भरले. साधारण १ लाख किमी झालेल्या गाडीत पंप मूळचाच असेल तर कोड येण्याचीही वाट पाहू नये.

नवा पंप बसवल्यावर लगेच, पहिल्या दिवसातच तापली

बहुतेक वेळा ही आत राहिलेली हवा असते. जुन्या गाड्यांसारखं टाकीचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवायचं आणि बुडबुडे थांबले की झाकण लावायचं, ही रीत इथे चालत नाही. हवेत फिरणाऱ्या पंपाला भारच नसतो. त्याचा वेग भलताच दिसतो आणि २ई८१ नोंदला जातो. गॅरेजवाला कोड वाचून "नवीन पंपही खराब निघाला" म्हणतो आणि पंप परत पाठवतो.

हवा काढायची पद्धत गाडीतच बसवलेली आहे. इंजिन पूर्ण थंड असू द्या.

१. बॅटरीला चार्जर जोडा. पुढची बारा मिनिटं पंप इंजिनाशिवाय चालणार आहे. बॅटरी खाली गेली तर प्रक्रिया मधेच तुटते.

२. एक्स्पान्शन टँक (कूलंटची टाकी) गळ्यापर्यंत भरा. पातळी स्थिर होईपर्यंत थांबा, पुन्हा भरा, मग झाकण घट्ट लावा.

३. क्लच न दाबता स्टार्टचं बटण दाबा, म्हणजे फक्त इग्निशन चालू होईल. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवर पाय नको. इंजिन सुरू करायचं नाही. लो बीम लावून ठेवा, म्हणजे इग्निशन आपोआप बंद होणार नाही.

४. हीटर सर्वांत गरमवर, ब्लोअर सर्वांत कमी वेगावर.

५. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत १० सेकंद दाबून धरा आणि सोडा. पंप सुरू होतो. त्याचा आवाज वर-खाली होत राहतो, मधे थांबतो, पुन्हा सुरू होतो. सुमारे १२ मिनिटं हे चालतं.

६. पंप स्वतःहून थांबला की झाकण उघडा, कूलंट कमाल खुणेच्या किंचित वर भरा आणि सगळे जोड हाताने चाचपून ओल पाहा.

एका फेरीवर समाधान मानू नका. दुसरी फेरी करायची असेल तर चावी काढून तीनेक मिनिटं थांबा, डीएमई पूर्ण झोपू द्या, मग तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल, किंवा हीटरची हवा कधी गरम कधी गार होत असेल, तर अजून हवा आहे.

पाचव्या पायरीनंतर पंपाचा काहीच आवाज आला नाही तर थांबा. हवेचा प्रश्न नाही, पंपाला वीज किंवा हुकूम पोचत नाही. त्यावर पुढे लिहिलं आहे.

दोन-चार आठवड्यांनी तापली, आणि कूलंट कमी झालेलं आहे

मग कुठून तरी हळूहळू जातं आहे. थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर लावा, १.५ बारपर्यंत दाब द्या आणि दोन मिनिटं काटा पाहा. ०.१ बारपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. झाकणही तपासा. त्यावर १४० छापलेलं असतं, म्हणजे १.४ बार. झाकण दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं आणि नवीन पंप असूनही गाडी तापते. झाकण ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू. बदलूनच टाका.

एक्स्पान्शन टँकचं प्लास्टिक उन्हाने नाही, उष्णतेने पिवळं पडून ठिसूळ होतं आणि सांध्यावर केसाइतकी चीर पडते. ही चीर थंडीत दिसत नाही. टाकीच्या कडेने वाळलेल्या कूलंटची फिकट, मिठासारखी रेघ असेल तर तीच खूण.

हेडच्या पुढच्या बाजूला होज जोडणारा प्लास्टिकचा फ्लँज आहे. पंप बदलताना होज ओढली की म्हातारं प्लास्टिक तडकतं. कधी तर तुकडा होजच्या आतच राहतो. अ‍ॅल्युमिनियमचा पर्यायी फ्लँज बाजारात मिळतो. होज काढावी लागणारच असेल तर त्याच वेळी तो बसवून टाका. रेडिएटरकडे तारेच्या क्लिपचे झटपट जोड आहेत. त्यातली ओ-रिंग (रबरी कडी) चपटी झाली असेल तर क्लिप नीट बसूनही पाझर राहतो. क्लिप बसल्यावर होज मागे ओढून पाहा. नुसता टक् आवाज आला म्हणून विश्वास ठेवू नका.

ऑइल फिल्टर हाउसिंगची गॅस्केट गळत असेल तर तेही याच कामात उरका. ऑइल रबरी होजवर झिरपलं की रबर फुगून मऊ होतं, आणि ऑइलच्या काळ्या चिखलात कूलंटची गळती दिसत नाही. शिवाय तेच ऑइल खालच्या बेल्टवर पडतं. एन५२ मध्ये बेल्ट फाटला की त्याचे धागे क्रँकच्या पुढच्या सीलमधून इंजिनात ओढले जाऊ शकतात. बेल्ट पंप फिरवत नाही, पण अल्टरनेटर फिरवतो. तो थांबला की बॅटरी उतरते आणि मग पंपही.

बाहेर कुठेच ओल नाही, तरी कूलंट कमी होतं आणि थंड गाडी सुरू केल्याबरोबर होज कडक होतात? मग हेड गॅस्केटची चाचणी करा. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची रासायनिक चाचणी लावतात. ज्वलनाचा वायू येत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. आधीच्या मालकाने लाल दिव्यावर गाडी रेटली असेल तर ही चाचणी नवीन पंप घेण्याआधीच करावी.

कूलंट पूर्ण, तापमान ठीक, तरी पंपाचा कोड येतो आणि जातो

इथे सर्वाधिक पैसे वाया जातात, कारण लोक पंपामागून पंप बदलतात आणि दोष तारेत असतो.

पंपाच्या प्लगमध्ये एक जाड तार विजेची, एक जाड अर्थची आणि एक बारीक सिग्नलची असते. मल्टीमीटरने नुसतं १२ व्होल्ट दिसलं म्हणजे तार चांगली, असं नाही. गंजलेली तार भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि मोटर सुरू झाली की पडते. म्हणून विजेच्या आणि अर्थच्या पिनांमध्ये ५५ वॅटचा एच७ बल्ब जोडा. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटला पाहिजे आणि त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त कमी नको. बल्ब मिणमिणला तर दोष पंपापर्यंत येणाऱ्या वायरिंगमध्ये आहे. प्लगच्या पिनांवर हिरवी बुरशी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा आणि सैल झालेल्या पिना घट्ट करा.

बारीक तार ही बीएसडी लाइन. या एकाच तारेवर पंप, अल्टरनेटर, ऑइल पातळीचा सेन्सर आणि बॅटरीच्या ऋण टोकावरचा आयबीएस (बॅटरीची स्थिती मोजणारा) सेन्सर असे चौघे बोलतात. एकाने तार आतून अर्थला जोडून ठेवली की बाकीचे तिघेही मुके होतात. ओळखायची सोपी खूण: २ई८४ किंवा २ई८५ सोबत अल्टरनेटरचाही संपर्क कोड आहे, आणि ऑइलची पातळी दाखवणंही बंद झालं आहे. डिपस्टिक नसल्याने ते लगेच जाणवतं. असं असेल तर पंपाला हात लावू नका. डिकीतल्या बॅटरीवरच्या आयबीएसचा लहान प्लग काढा, कोड पुसा आणि दोन दिवस गाडी नजरेखाली, जवळपासच चालवा. कोड परतला नाही तर दोष आयबीएसमध्ये होता. परतला तर अल्टरनेटरचा प्लग आणि ऑइल सेन्सर एकेक करून तपासा.

जुनी बॅटरीही याच वर्गात येते. सुरू करताना व्होल्टेज फार खाली गेलं तर पंपाचा एखादा कोड एकदाच नोंदला जातो. असा एकुलता कोड पुसून पाहावा, त्यावरून पंप मागवू नये.

थर्मोस्टॅट वेगळा का बदलायचा नाही

थर्मोस्टॅट पंपाच्या शेजारीच, आखूड होजने जोडलेला. त्याच्यापर्यंत पोचायला पुन्हा तीच अंडरट्रे, तेच कूलंट रिकामं करणं, तेच अँटी-रोल बारचे ब्रॅकेट सैल करणं. वय दोघांचं सारखंच. पंप नवीन, थर्मोस्टॅट जुना ठेवला आणि तो बंद अडकला, तर गाडी तापते आणि दोष पंपाच्या नावावर जातो. उघडा अडकला तर उलट: हायवेवर तापमान ७५ च्या आसपास घुटमळतं, २ईएफ४ येतो आणि पेट्रोल जास्त जातं. पंप, थर्मोस्टॅट, मधली आखूड होज आणि बोल्ट असा पूर्ण संच एकदम घ्या.

पंप पीअरबर्गचा घ्या. मूळ पुरवठादार तोच आहे. निनावी नकली पंप बाहेरून हुबेहूब दिसतात आणि काही महिन्यांत तेच कोड परत आणतात. कामाची मजुरी भागाइतकीच असताना तिथे वाचवलेले पैसे दुप्पट जातात.

बोल्टांबद्दल आग्रहाने सांगायचं आहे. पंपाचे तीन बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे आहेत आणि ते एकदाच वापरायचे. ठरलेल्या ताकदीने कसून पुढे ठरलेला कोन फिरवताना ते ताणले जातात. काढलेला बोल्ट पुन्हा कसला की तुटतो, आणि तुटलेला तुकडा मॅग्नेशियममध्ये राहतो. लोखंडी बोल्ट तर मुळीच नको: मॅग्नेशियम आणि पोलाद ओलाव्यात एकत्र आले की मॅग्नेशियम खाल्लं जातं आणि आटे भुगा होतात. बोल्टला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर आधी कुणीतरी चुकीचा बोल्ट बसवलेला आहे. ई-टॉर्क्स (बाहेरून ताऱ्याच्या आकाराच्या बोल्टचं) सॉकेट वापरा, टॉर्क रेंच वापरा, आणि आकडा तुमच्या गाडीच्या दुरुस्तीपत्रकातूनच घ्या.

कूलंट निळं जी४८, डिस्टिल्ड पाण्यासोबत निम्मं-निम्मं. नळाचं किंवा बोअरचं पाणी चालणार नाही, क्षार बसतात. हिरवं, गुलाबी, निळं एकत्र करू नका. आधीच मिसळलेलं असेल तर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन मगच नवीन भरा.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी

१३०आय भारतात अधिकृतपणे आली नाही, पण इथे विकलेल्या ३ सीरिजच्या ई९० ३२५आय मध्ये याच एन५२ कुटुंबातलं इंजिन आणि हीच पंपाची रचना आहे. वरचे कोड आणि हवा काढायची पद्धत तिथेही तशीच लागू. फरक हवेचा. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना समोरून वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर येतो. एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत साचलेली धूळ, कापूस, पानं साफ केलेली नसतील तर नवा पंपही कमी पडतो. पाणी मागून पुढे, कमी दाबाने मारा, प्रेशर वॉशरने पत्र्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. पंखा पूर्ण वेगाने फिरतो का हे स्कॅनरमधून हुकूम देऊन तपासा. हळू फिरतो पण जोरात जात नाही, हा बिघाड सपाट रस्त्यावर महिनोन्‌महिने कळत नाही.

काम झाल्यावर पहिल्या रात्री गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि सकाळी पातळी पाहा. थोडी उतरलेली असेल, भरा. आठवडाभर रोज थंड इंजिनावर पाहत राहा. तिसऱ्या दिवसानंतरही उतरत असेल तर प्रेशर टेस्टर पुन्हा लावा आणि सुरुवात थर्मोस्टॅटजवळच्या आखूड होजपासून करा, कारण तिथली क्लिप वाकडी बसण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे.